सॉरी म्हणायला लावलं की झालं का?

केजीच्या वर्गात मोठी माणसं सगळ्यात जास्त काय बोलतात ते एकदा कान देऊन ऐका. "शेअर कर बरं" आणि "आधी सॉरी म्हण". मी याच वयाच्या मुलांना शिकवते आणि खरं सांगायचं तर ही दोन वाक्यं मला दिवसेंदिवस कमी पटायला लागलीयेत. मुलांनी वाटून खेळू नये किंवा माफी मागू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण या वाक्यांनी जे भांडण मिटतं ते आपल्यापुरतं मिटतं, आपल्याला शांतता मिळते, मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

उदाहरण घ्या, एक ट्रक आणि दोघं गिऱ्हाईक. एकाने तो आधी घेतलाय, मजेत खेळतोय, दुसरा येऊन ओढायला लागतो आणि ओढून मिळाला नाही की भोकाड पसरतो. आपण धावत जातो, पहिल्याला सांगतो शेअर कर, त्याच्या हातातून ट्रक निघतो आणि दुसऱ्याला मिळतो. आता यातून दोघं काय शिकले? रडणारा शिकला की जोरात रडलं की वस्तू मिळते, आणि ज्याच्या हातातून ट्रक गेला तो शिकला की आपल्या हातातलं कधीही काढून घेतलं जाऊ शकतं, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी घट्ट धरून ठेवणार. मी हल्ली असं करते की वाट बघणाऱ्याला एक वाक्य देते, "तुझं झालं की मला देशील?" आणि ते त्यानेच जाऊन विचारायचं, मी नाही. ज्याच्याकडे ट्रक आहे त्याचं कधी झालं हे त्याने ठरवायचं. हे ऐकून पालक म्हणतात मग तो कधीच देणार नाही, पण गंमत अशी की ओढून न घेतलेली वस्तू मुलं बरेचदा आपणहून आणून देतात, आणि वर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ओरडून सांगतात की मी दिला! वर्गात मुलं खूप असतील आणि वस्तू एकच, तर वाळूचं घड्याळ लावलं तरी चालतं, सगळीकडे तत्त्व सांभाळत बसता येत नाही.

आता खरं काम असतं वाट बघणाऱ्याजवळ. थांबणं ही या वयात फार अवघड गोष्ट आहे. मार्शमॅलोचा, म्हणजे त्या मऊ गोड मिठाईचा, प्रसिद्ध प्रयोग आठवत असेल, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या नर्सरी शाळेत केलेला, आत्ता एक खा नाहीतर थांबलास तर दोन. जे मूल थांबतं ते पुढे यशस्वी होतं असं त्यावरून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मग 2018 मध्ये 900 हून जास्त मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला त्या प्रयोगातला वेगळाच भाग कामाचा वाटतो, थांबू शकलेली मुलं काय करत होती? डोळे झाकत होती, गाणी म्हणत होती, पाठ फिरवून बसत होती. म्हणजे ती एक युक्ती आहे आणि युक्ती शिकवता येते. म्हणून "थांब" एवढंच सांगण्यापेक्षा "तोपर्यंत आपण ट्रकसाठी रस्ता बनवू या" हे जास्त चालतं.

सॉरीचं तसंच. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला आपण दरडावून विचारतो, त्याला कसं वाटलं असेल सांग! अहो हा प्रश्न त्याच्यासाठी खरंच कठीण आहे. विमर आणि पर्नर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट वापरून हे तपासलं होतं, मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आता मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? अशा प्रश्नांना तीन वर्षांची मुलं बहुतेक नवीन जागा सांगतात, कारण स्वतःला जे माहीत आहे ते मॅक्सीला माहीत नाही हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. चार-पाचच्या आसपास ते हळूहळू जमायला लागतं. म्हणून मी विचारत नाही, दाखवते. "बघ त्याच्याकडे, रडतोय, टॉवर पडला ना त्याचा. काय केलं तर त्याला बरं वाटेल?" मग कुणी ठोकळे गोळा करून देतं, कुणी पाणी आणतं, एखादा नुसता शेजारी जाऊन बसतो. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेल्या सॉरीपेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं.

रागाचं म्हणाल तर मूल आकांडतांडव करत असताना समजावणं वाया जातं, त्या वेळी शब्द आतच जात नाहीत. जवळ बसायचं, आवाज खाली ठेवायचा, कुणाला लागणार नाही एवढं बघायचं. ओसरलं की मग, "टॉवर पाडला म्हणून राग आला ना तुला? राग येऊ दे, पण मारायचं नाही." एवढंच, भाषण नको. भिंतीवर चार स्मायली चिकटवून भावना शिकवल्या असं होत नाही, तो तक्ता बहुतेक वेळा पाहुण्यांसाठीच असतो 😄

"आमची एकटीच खेळते हो" ही तक्रार पण खूप येते. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्येच लिहून ठेवलंय की एकटं खेळणं, लांबून बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, हे सगळे खेळाचेच प्रकार आहेत आणि मिळून खेळणं वयाप्रमाणे वाढत जातं. बघत राहणारं मूलही काहीतरी शिकत असतं, त्याला ढकलून गोलात बसवू नका. एखाद्या शांत जोडीदाराबरोबर छोटंसं काम द्या, सगळ्यांचे रंग डब्यात भरायला वगैरे, तिथून सुरुवात होते.

मला विचाराल तर या सगळ्यासाठी वेगळा तास लावायची गरज नाही, डॉक्टर-डॉक्टर खेळायला भरपूर वेळ द्या. एरवी क्षणभर एका जागी न बसणारं पोर पेशंट झालं की निपचित पडून राहतं, कारण पेशंट उठत नसतो! कोण डॉक्टर यावर आधी भांडतात, मग आपसातच तोडगा काढतात, आणि आपण मध्ये न पडणं हेच तिथे आपलं काम.

आणि हो, सकाळी सोडताना गुपचूप सटकू नका प्लीज. रडलं तरी चालेल, पण सांगून जा, कधी घ्यायला येणार ते त्याला कळेल असं सांगा, "गोष्ट झाली की येते", आणि मग खरंच निघा. खिडकीतून परत डोकावू नका, कारण नुकतंच शांत झालेलं मूल तुम्ही दिसलात की पहिल्यापासून सुरू करतं, तुम्ही तोवर ऑफिसच्या वाटेला लागलेले असता आणि पुढचं सगळं आमच्याकडे.