धाकट्याच्या वेळी आधीच सांगून ठेवलं

थोरलीचे टॉन्सिल्स काढले ती रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ती पाच वेळा ओकली. घशात ताजी जखम आणि त्यावरून ते सगळं वर यायचं. रडायचंसुद्धा बळ तिच्यात उरलं नव्हतं. पोटात काहीतरी गेलंच पाहिजे या काळजीने मी चमच्याने पाणी पाजत राहिले आणि ती ते उलटून टाकत राहिली.

दोन वर्षांनी धाकट्याचं तेच ऑपरेशन ठरलं. या वेळी भूलतज्ज्ञ भेटायला आल्या तेव्हा मी पहिल्यांदा थोरलीचं सांगितलं. त्या लगेच सावरून बसल्या. "याला गाडी लागते का? तुम्हा दोघांपैकी कुणाला भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या?" माझ्या सिझेरियननंतर मला झाल्या होत्या. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मूल तीन वर्षांपेक्षा मोठं, आईवडिलांना किंवा भावंडाला असा त्रास झालेला आणि ऑपरेशन अर्ध्या तासाच्या वर, की उलटीची शक्यता वाढते, असं त्या म्हणाल्या. टॉन्सिल्समध्ये तर गिळलेलं रक्त पोटात जाऊन मळमळतं. त्यात भुलीचा वायू आणि दुखणं थांबवणारी मॉर्फिनच्या जातीची औषधं भर घालतात.

मग त्यांनी काय करणार तेही सांगितलं. झोप लागल्यावर शिरेतून डेक्सामेथासोन या उलटी रोखणाऱ्या स्टेरॉइडचा एक डोस. त्याने नंतरचं दुखणंही थोडं कमी होतं. जोडीला ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं दुसरं औषध, कारण दोन्ही औषधं वेगवेगळ्या वाटेने काम करतात. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध, भरपूर सलाईन, आणि जागं करण्याआधी नळीने पोटातलं रक्त ओढून घेणं. डेक्सामेथासोनचं मी नंतर वाचलं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ते द्यावं असं ठामपणे लिहिलं आहे. थोरलीला ते दिलं होतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्याची रुखरुख आजही आहे.

ऑपरेशननंतर मी एकच गोष्ट कटाक्षाने पाळली: त्याने मागितल्याशिवाय पाणी पुढे केलं नाही. सलाईन चालू आहे, घाई नको, असं सिस्टरांनीही बजावलं होतं. वेदनाशामक मात्र वेळ चुकू न देता दिलं, कारण दुखण्यानेही मळमळतं.

दुपारी एकदा उलटी झालीच. वाटीभर, तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखी. माझे हातपाय गळाले. सिस्टरांनी वाटी उजेडात धरून पाहिली आणि हे जुनं, गिळलेलं रक्त आहे, असं सांगितलं. लालभडक ताजं रक्त आलं, किंवा झोपेत तो सारखे आवंढे गिळताना दिसला, म्हणजे घशात रक्त उतरत असावं असं वाटलं, तर क्षणभरही न थांबता हाक मारा, असं त्यांनी सांगितलं. घरी गेल्यावरही हे लागू, कारण पाचव्या ते दहाव्या दिवसांतही रक्तस्राव होऊ शकतो.

रात्रभर मी त्याच्या गळ्याकडे बघत बसले. गळा शांत होता. पहाटे त्याने डोळे उघडून हळूच "पाणी" म्हटलं. दोन घोट घेतले आणि कूस बदलून पुन्हा झोपला. ते पाणी पोटातच राहिलं.