टाका नीट बसला म्हणून

वसई पट्ट्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात मी सीझर आणि अडलेली बाळंतपणं करायला जाते. हॉस्पिटल सिस्टर, म्हणजे नन, चालवतात. खर्च कमी, स्वच्छता चोख, आणि अपरात्री बोलावलं तरी ओटी (ऑपरेशन थिएटर) तयार. एकच गोष्ट तिथे होत नाही: नळ्या बांधणं, म्हणजे बाईची नसबंदी. कॅथलिक चर्चला नसबंदी आणि कृत्रिम गर्भनिरोधन मान्य नाही. संमतीपत्रावर तो रकानाच नाही. सीझरबरोबर नळ्याही बांधून हव्यात अशा बायकांना हे ठाऊक असतं, त्या दुसरीकडे नाव घालतात. आमच्याकडे येतात त्या पैशांची ओढाताण असलेल्या, किंवा चर्चचं मनापासून ऐकणाऱ्या. ही बाई दुसऱ्या गटातली. (ओळख पटू नये म्हणून बारीक तपशील बदलले आहेत.)

तिचं हे तिसरं सीझर. दोन मुलांनंतर नवरा-बायकोने चर्चला चालणारी बिलिंग्स पद्धत धरली होती, म्हणजे स्रावावरून दिवस राहण्याचे दिवस ओळखून ते टाळायचे. स्राव रोज तपासायचा आणि वहीत लाल, हिरवे, पांढरे शिक्के मारायचे. तिची वही मी पाहिली आहे. इतकी नीट ठेवलेली वही मला क्वचितच दिसते. तरीही दिवस राहिले. त्याच घरातली तिची धाकटी जाऊ दुसऱ्या बाळंतपणातच बाहेर ऑपरेशन करून आली होती. तिने कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही, आणि दर रविवारी ती मिस्सेत (चर्चच्या उपासनेत) कम्युनियन, म्हणजे पवित्र प्रसाद, घेते. आमच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या वस्तीत) दोन मुलांची घरं बहुतेक अशीच झाली आहेत. फादरांना ते माहीत असतं, आणि फादरांना माहीत आहे हे लोकांनाही माहीत असतं.

पोट उघडलं तर मूत्राशय आधीच्या व्रणाला घट्ट चिकटलेलं. ते हळूहळू सोडवत खाली सरकवलं आणि हात थांबला. जुन्या छेदाच्या जागी स्नायू उरलाच नव्हता. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा, त्यामागे गर्भजल, आणि त्यात बाळाचे केस हलताना दिसत होते. आम्ही याला खिडकी म्हणतो. कळा सुरू झाल्या असत्या तर गर्भाशय घरीच फाटू शकलं असतं.

बाळ काढलं, रडलं. खरं काम त्यानंतरचं. अशा कडा तशाच शिवल्या तर टाका धरत नाही, पुढच्या वेळी पुन्हा तिथेच उसवतो. पातळ, निर्जीव कडा कापत निरोगी स्नायूपर्यंत मागे जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात रक्त वाहतच असतं. डावा कोपरा गर्भाशयाच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेला होता. तिथे आधी वेगळा टाका घेतला, मग पहिला थर, मग त्यावर दुसरा. गर्भाशय आकसलं, रक्त थांबलं. हे काम मला चांगलं जमतं आणि त्या दिवशी ते फारच चांगलं जमलं.

नळ्या डोळ्यांसमोर होत्या. दोन्ही बाजूंचा एकेक वेढा उचलायचा, कॅटगटने (विरघळणाऱ्या दोऱ्याने) बांधायचा, वरचा भाग कापायचा. पाच मिनिटांचं काम. भूल देणारे डॉक्टर डोक्याकडून म्हणाले, "बांधून टाका की. कोणाला कळणार आहे?" स्पायनलखाली (पाठीतून दिलेल्या भुलीखाली) असलेली ती पूर्ण जागी होती. मला त्यांचा संताप आला. लेखी संमतीशिवाय असं काही करणं गुन्ह्यासारखंच आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की जीवावर बेतलं नसेल तर एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आणीबाणीत नसबंदीच्या नावाखाली काय काय झालं ते पाहिलेल्या देशात डॉक्टर असं सहज बोलतो कसा? तिने विचारलं, "मॅडम, आत फाटलंय का?" मी म्हटलं, "शिवलंय. सगळं सांगते, आधी बाळ बघा."

ओटीत उभ्या असलेल्या सिस्टरनेही खिडकी पाहिली होती. हात धुताना ती मला म्हणाली, "डॉक्टर, हिला सहा आठवड्यांनी दुसरीकडे पाठवा." त्या हॉस्पिटलात मी ऐकलेलं हे सर्वांत धाडसाचं वाक्य.

सहा आठवड्यांनी नवरा-बायको आले. पुन्हा दिवस गेले तर काय होईल ते मी सरळ सांगितलं. गर्भाशय कळांआधीही फाटू शकतं, वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतू शकते, बाळ जाईल आणि तीही जाऊ शकेल. नवऱ्याने विचारलं, "पद्धत अजून काटेकोर पाळली तर?" माझी चिडचीड इथेच होते. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी केव्हा परत येईल याचा नेम नसतो, स्रावाची खूण पुसट असते. जिला चूक अजिबात परवडणारी नाही, तिच्यासाठी ही पद्धत नेमकी त्याच महिन्यांत सर्वांत अवघड असते. ती म्हणाली, "फादरांना विचारायला हवं."

मग मी स्वतःच फादरांकडे गेले. मी याच धर्मप्रांतातली, मिस्सा न चुकवणारी. फादर तरुण, अभ्यासू. त्यांनी उत्तर टाळलं नाही. फोनवर रोमचं, म्हणजे व्हॅटिकनचं, ३१ जुलै १९९३ चं उत्तर काढलं. प्रसूतीत किंवा सीझरमध्ये गर्भाशयाला इतकी इजा झाली की आईच्या जीवाला तात्काळ गंभीर धोका आहे, तर ते काढायला हरकत नाही. आधीच्या सीझरांनी दुबळं झालेलं गर्भाशय आज धोकादायक नाही, पुढच्या गर्भारपणात होईल, तर ते काढता येत नाही. त्याऐवजी नळ्या बांधणं? तेही नाही. २०१८ च्या डिसेंबरात रोमने आणखी एक उत्तर दिलं. गर्भ बाहेर जगण्याइतका वाढण्याआधीच गर्भपात होणार अशी डॉक्टरांना खात्री असेल, तर गर्भाशय काढणं म्हणजे नसबंदी नव्हे. पण हिचं गर्भाशय कदाचित आठ महिने धरेलही. म्हणजे तेही लागू नाही.

मी फादरांना म्हटलं, "त्या दिवशी रक्त थांबलं नसतं आणि मी गर्भाशय काढलं असतं, तर तुमची हरकत नव्हती. टाका नीट बसला, म्हणून आता तिला मार्ग नाही." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला माझ्याकडे पाठवा. कन्फेशनला."

१९६६ मध्ये पोपच्याच आयोगाने, ज्यात डॉक्टर होते आणि विवाहित जोडपीही होती, बहुमताने कृत्रिम गर्भनिरोधनाबद्दलची शिकवण बदलावी असं म्हटलं होतं. पोप सहाव्या पॉलनी १९६८ मध्ये 'ह्युमाने व्हिते' हे पत्र काढून ते नाकारलं. त्याच पत्रात धर्मगुरूंना माणसांशी धीराने आणि प्रेमाने वागायला सांगितलं आहे. तो धीर आमच्याकडे आहे, मी नाकारत नाही. पण तो कन्फेशनच्या जाळीआड आहे. मिस्सेतल्या उपदेशात तो ऐकू येत नाही, विवाहपूर्व शिबिरात तर नाहीच. जाऊबाईंना त्याची गरज पडली नाही. जी ऐकते, जी विचारते, ओझं तिच्याच वाट्याला येतं.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली. म्हणाली, "फादर काय म्हणाले ते मी सांगणार नाही. मला तारीख हवी आहे." नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, तरी त्याने स्वतःहून दुसऱ्या हॉस्पिटलात चौकशी करून ठेवली होती. दुर्बिणीतून झालं, ती त्याच संध्याकाळी घरी गेली. सिस्टरने फोन करून विचारलं, "बरी आहे ना?"

फादरांनी नियम वाकवला की तिनेच तो आपल्या सदसद्विवेकावर घेतला, मला कळलेलं नाही आणि कळायला नकोही. मला छळतो तो दुसराच विचार. तिच्यासारखी, पण विचारायचं धाडस नसलेली बाई गप्प घरी जाते आणि चौथ्यांदा माझ्या टेबलावर येते.

नाताळनंतरच्या लग्नांसाठी शिबिर आहे. तिथे शरीरशास्त्राचा तास मी घेते. या वेळी खिडकी म्हणजे काय ते चित्र काढून दाखवणार आहे, १९९३ आणि २०१८ ची उत्तरं आहेत तशी वाचणार आहे, आणि फादरांनी समोर बसून त्या जोडप्यांच्या प्रश्नांना सर्वांदेखत उत्तरं द्यावीत असं मी त्यांना कळवलं आहे. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे.