मित्र सोडून जातो तो प्रसंग

वयात येणाऱ्या मुलांवरच्या शॉर्टफिल्ममध्ये एक शॉट हमखास असतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, नदीकाठ, हातात खडे, मागे बासरी. मुलगा एकटा आहे हे समजतं, पण जीव तुटत नाही, कारण त्याला कोणी सोडून गेलेलं आपण पाहिलेलंच नसतं. आधी सोबत दाखवावी लागते, मग ती डोळ्यांदेखत काढून घ्यावी लागते.

अविनाश अरुणचा 'किल्ला' हा मराठी सिनेमा एवढ्या एका गोष्टीसाठी पुन्हा बघा. वडील जाऊन वर्ष झालेलं, आईची बदली झालेली, म्हणून अकरा वर्षांचा चिन्मय पुण्याहून कोकणातल्या छोट्या गावात येतो. तिथल्या शाळेतल्या बंड्याची टोळी हळूहळू त्याला आपल्यात घेते. मग एक दिवस सायकलींची शर्यत लावून सगळे किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळायला लागतो, आणि चिन्मय आत असतानाच बाकीचे निघून जातात. तो बाहेर येतो तर कोणीच नाही.

ग्यानबाची मेख अशी, की त्याला मुद्दाम कोणी टाकलेलं नाही. पाऊस आला, पोरं पळाली, विषय संपला. बंड्याच्या लेखी किरकोळ असलेली ही गोष्ट चिन्मयच्या मनात थेट वडिलांच्या जाण्याला जाऊन चिकटते. लिहिणारे बहुतेक जण इथेच घसरतात आणि मित्राला दुष्ट करून टाकतात. मग प्रेक्षक मित्रावर चिडतो, मुलाचं दुःख बाजूला पडतं आणि उरतं ते नुसतं भांडण. पार्थ भालेरावचा बंड्या आपल्याला हसवतो, आवडतो, म्हणून किल्ल्यातला तो रिकामेपणा लागतो. वीस मिनिटांची फिल्म करणार असाल तर पहिली सहा-सात मिनिटं सोबतीला द्या, त्यात एक तरी प्रसंग खरंच हसवणारा ठेवा, आणि सोडून जाण्याचा प्रसंग मध्यावर आणा. तो पहिल्याच मिनिटात आला तर फुकट जातो.

दुसरी गोष्ट आईची. अमृता सुभाषने केलेल्या या बाईला ऑफिसात स्वतःचे ताप आहेत. तिचं चिन्मयला कळत नाही, त्याचं तिला. दोघांचं गेलेलं माणूस एकच, तरी त्याबद्दल घरात बोलणं होत नाही. आपल्याकडच्या पटकथांमध्ये पालक नुसते रागवायला किंवा जेवायला वाढायला येतात. त्यांना त्यांचा म्हणून एक प्रश्न दिला की मुलाच्या वाट्याचे निम्मे संवाद आपोआप गळतात.

एकटेपणाला बोट ठेवता येईल असं कारणही हवं. 'मुलगा मुळातच अबोल आहे' हे कारण नव्हे, तो स्वभाव झाला. 'किल्ला'त बदली आहे, नागराज मंजुळेच्या 'फँड्री'त जात. त्यातल्या जब्याला पिऱ्या या मित्राची जिवाभावाची सोबत आहे, तरी जातीमुळे घरच्यांसोबत गावादेखत डुक्कर धरायची वेळ येते तेव्हा ती कामाला येत नाही. शाळेतली मुलं बघतायत, त्यात त्याला आवडणारी शालूही, आणि जब्या आडोसा शोधत राहतो. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. पडदा माणसांनी भरलेला असताना इतका एकटा मुलगा मराठी सिनेमात दुसरा नाही. उमेश कुलकर्णीच्या 'विहीर'मध्ये कारण मृत्यूचं. जिवलग मित्रासारखा भाऊ नचिकेत गेल्यावर समीर त्याला शोधत भटकतो, तो भाग अनेकांना लांबलेला वाटतो. माझ्या मते तो तेवढा हवाच. शोक आटोपशीर करून चालत नाही.

'शाळा'ची अडचण निराळी. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीतली निम्मी गंमत तिचा शाळकरी नायक मुकुंद जोशीच्या मनातल्या बडबडीत आहे, आणि कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. सुजय डहाकेच्या सिनेमाला तो भार मुलांच्या नजरांवर टाकावा लागला. असं रूपांतर करताना निवेदनाचा मोह होतोच. निवेदन बंद करून प्रसंग चालवून बघा. कळत असेल तर निवेदन काढा, कळत नसेल तर प्रसंग नव्याने लिहा.

शेवट समेटावर करू नका. 'किल्ला'त मैत्री परत जुळते, तोवर आईची पुन्हा बदली. 'फँड्री'त जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. फ्रान्स्वा त्रुफोच्या १९५९च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज' या फ्रेंच सिनेमात अँत्वान हा मुलगा समुद्रापर्यंत धावतो, वळून बघतो आणि चित्र गोठतं. पुढे फिल्म शिकणाऱ्या पोरांनी या गोठवण्याचा पार चोथा केला, तेव्हा तेवढं सोडून काहीही करा.

आता शूटिंगचं. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण सव्वाचार-साडेचार फुटांवर लावा. मोठ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेला मुलगा सतत बिचारा दिसतो. खरा पाऊस कॅमेऱ्यात अनेकदा दिसतच नाही, नुसता धुरकटपणा येतो. थेंब उठून दिसायला उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद लागते, म्हणून मुलाला पांढऱ्या आभाळासमोर उभं न करता काळ्या भिंतीसमोर किंवा झाडीसमोर उभं करा. आवाजाचं गणित तर हमखास चुकतं. तेरा-चौदाच्या मुलाचा आवाज फुटायच्या बेतात असतो. डबिंग चार महिन्यांनी ठेवलंत तर तो दुसऱ्याच मुलाचा वाटेल. संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित करा आणि सीन संपल्याबरोबर तेच संवाद कॅमेऱ्याशिवाय आणखी एकदा बोलवून घ्या.

मूल चौदाच्या आतलं असेल तर २०१७चे बालकामगार नियम लागू होतात. शूटिंग ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जास्तीत जास्त ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. ५ तासांत जेवण, मेकअप आणि पावसाची वाट बघणंही येतं असं धरून चाला, म्हणजे तुम्ही दिवसाला दोन सीनच्या वर लावणार नाही.