देवबागचा मांगर आणि अडकलेला रिफंड

देवबागला पोचणं सोपं आहे. कुडाळला गाडीतून उतरायचं, रिक्षाने मालवण, पुढे तारकर्लीवरून देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. घोडं अडलं ते बुकिंगपाशी.

एका साइटवर ‘मच्छीमाराची पारंपरिक झोपडी’ दिसली. चुडतांचं, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचं छप्पर, दारात जाळी, सारवलेली जमीन. पैसे पूर्ण आगाऊ. प्रत्यक्षात निघाली सिमेंटची खोली, वर पत्रा, पत्र्यावर शोभेला चार झावळ्या. एसी मात्र जोरात! राहणार नाही म्हटल्यावर मॅनेजर म्हणाला, “साइटवाल्यांशी बोला.” साइटवाले म्हणाले, “मालकांनी मान्य करायला हवं.” मालक म्हणे, मेलच आलेला नाही. चॅटवर दर वेळी नवा माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून रामायण सांगायचं. “आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.” डोंबल समजताय! शेवटी जाहिरातीतला फोटो आणि खोलीचा फोटो शेजारी लावून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार केली. तेव्हा कुठे पैसे सुटले, तेही सर्व्हिस चार्ज कापून. त्या चार्जसाठीही तक्रार टाकली आहे, सोडणार नाही.

तेव्हा खोली पटली नाही तर आधी फोटो काढा, मग भांडा. आणि रजिस्टरवर सही करू नका. मी केली नव्हती, तेच कामी आलं.

त्या दिवशी सामान घेऊन किनाऱ्यावर आलो, तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. दोन्ही टोकांना माणसांची रांग, पाय वाळूत रोवलेले. राहायला जागा मिळेल का, त्यांनाच विचारलं. एका काकांनी घरी नेलं. काकी म्हणाल्या, “येवा, पण मांगरात झोपूचा लागतला. चलात मां?” मांगर म्हणजे घरालगतची सामानसुमान ठेवायची जागा. चाललं की! एका कोपऱ्यात छपरापर्यंत जाळ्यांचा ढीग, त्याला खारट वास, उरलेल्या जागेत आमच्या चटया. दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात. पैसे निघताना, रोख.

हो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. मासे खायला म्हणून जाणार असाल तर ते दिवस टाळा. आणि कितीही ‘पारंपरिक’ हवं असलं तरी शौचालय कुठे आहे ते आधी विचारा. आमचं माडांच्या पलीकडे होतं, रात्री बॅटरी घेऊन जायला लागायचं.