वावर विकून परदेशी जाण्याआधी

कापसाचे चुकारे हाती आले की गावात एजंट दिसू लागतात. आधी आपला पासपोर्ट काढून पाहा. दहावी पास नसाल तर तो ईसीआर (‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ प्रकारचा) असतो, आणि सौदी, कुवेत, कतारसारख्या देशांत नोकरीला जायला सरकारची उत्प्रवास मंजुरी, म्हणजे कामासाठी देश सोडायची परवानगी, लागते. दहावी झाली असेल तर पासपोर्टच्या अर्जासोबत सनद जोडाच.

एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावी. सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३५,४००, तेही पावतीवर. "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, परमिट तिथं करू" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा, आणि पगार बुडाला तर दाखवायला करारच नसतो.

खरा घोळ वावराचा. फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यानं अनिवासी भारतीयाला, म्हणजे परदेशी नोकरीला गेलेल्याला, शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली ठेवता येते, वारशानं मिळू शकते. परत आल्यावर घेऊ म्हणाल, तर महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. सगळंच विकलं तर दाखवायला सातबारा कुठून आणणार? थोडं तरी नावावर राहू द्या. (भाऊबंदकीचा वाद असेल तर वाटणी आधीच नोंदवून घ्या.)

बाकी किरकोळ: कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत करा, त्यात जमीन विकायचा अधिकार देऊ नका. बँकेचं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्या.