गुडघा ठणठणीत होता

यंदा कानबाईच्या विसर्जनात मी फुगडी खेळले. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आधीचे दोन श्रावण मात्र मी 'गुडघा दुखतोय' म्हणत कडेला उभी होते. गुडघा ठणठणीत होता. शिंकले, हसले, उन्हाळ्यात बिबड्यांच्या घाट्याचं पातेलं उचललं, की लघवी निसटायची.

आतेसासूबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "बाईनी जातले आसंच ऱ्हास व माय." मग मी गडद रंगाचेच ड्रेस घ्यायला लागले आणि शाळेत पाणी पिणं सोडलं. तोही वेडेपणाच. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा मात्र चारदा चालू!

पहिल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं, "केगल करा." केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, १९४८ साली त्यांनी या व्यायामावर लिहिलं, हे मी मोबाइलवर वाचलं. करायचा कसा, ते कळलं नाही. दोन महिने मी श्वास रोखून, पोट आवळून खाली जोर देत होते. म्हणजे नेमकं उलटं.

जळगावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आतून तपासलं आणि हसल्याच. "चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवरता ना? तसं आवळा, आत आणि वर ओढा. श्वास चालू ठेवा. मग पूर्ण सैल सोडा." सलग ८ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवीची धार मध्येच थांबवून रोज सराव करायचा नाही, हेही बजावलं. शिंक यायच्या आधीच आवळून धरायचं, ही त्यांची युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आठवड्याभरात फरक वगैरे काही पडला नाही. तिसऱ्या महिन्यात पॅड सुटलं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं दुखणं वेगळं. त्यांचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकायची. 'पिशवी काढून टाका' असं सगळे म्हणत होते, पण कापूस वेचणीच्या तोंडावर त्यांना ऑपरेशन नको होतं. डॉक्टरांनी अंग आत धरून ठेवणारी, मापाची सिलिकॉनची रिंग योनीत बसवून दिली. ती काढून, धुऊन परत बसवायला त्या स्वतः शिकल्या. तपासणीला अधूनमधून जावं लागतं, एवढंच. परवा धुतलेली रिंग ओट्यावर वाळत होती. सुनेनं विचारलं, हे काय?

"कुकरची रिंग," जाऊबाई म्हणाल्या. "हात लावू नको, मापाची आहे."