आमची वाटचाल : ओआरएमची निवड आम्ही कशी करतो

बिलिंग, स्टॉक, सर्व्हिसच्या नोंदी अशी सॉफ्टवेअर आम्ही ग्राहकाच्या गरजेप्रमाणे बनवून देतो. टीम लहान आहे. सुरुवातीला डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या सगळ्या क्वेरी एसक्यूएल या भाषेत हातानेच लिहायचो. टेबलात एक कॉलम वाढला की ठिकठिकाणी कोड बदलत बसावं लागे. म्हणून ओआरएम, म्हणजे कोडमधल्या ऑब्जेक्टवरून अशा क्वेरी स्वतः तयार करणारं टूल, वापरायचं ठरवलं आणि जावाच्या कामांसाठी हायबरनेट घेतलं. पुढे डॉटनेटची कामं आली तेव्हा एंटिटी फ्रेमवर्क कोअर आलं, आणि पायथनकडे वळल्यावर प्रश्न पडला : जँगोचं ओआरएम की एसक्यूएलअल्केमी?

टीममध्ये प्रत्येकाचं आवडतं टूल वेगळं. मग आम्ही एक रीत ठरवली, ती आजही पाळतो. ग्राहक, बिल आणि बिलातल्या ओळी एवढाच डेटाबेस प्रत्येक ओआरएममध्ये मांडायचा, एसक्यूएलचा लॉग, म्हणजे त्याने प्रत्यक्ष पाठवलेल्या क्वेरींची नोंद, चालू करायचा आणि तो शांतपणे वाचायचा.

शंभर बिलांची यादी आणि प्रत्येकापुढे ग्राहकाचं नाव, एवढं साधं पान घ्या. जँगोत काही न सांगता लिहिलं तर बिलांची एक आणि ग्राहकांच्या शंभर, अशा १०१ क्वेरी जातात. सगळी बिलं एकाच ग्राहकाची असली तरीही. हायबरनेट आणि एसक्यूएलअल्केमी मात्र सेशनमध्ये (डेटाबेसबरोबरच्या एका कामाच्या बैठकीत) आधीच आलेला ग्राहक पुन्हा मागवत नाहीत. जँगोत सिलेक्ट-रिलेटेड लावलं की जॉइन होऊन (दोन्ही टेबलं जोडून) एकच क्वेरी उरते. बिलाच्या ओळीही हव्या असतील तर प्रीफेच-रिलेटेड, म्हणजे आणखी एक.

एंटिटी फ्रेमवर्क कोअरची एक गोष्ट मला मनापासून आवडते. एसक्यूएलमध्ये न बसणारी अट पूर्वी ते मुकाट्याने मेमरीत चालवायचं, म्हणजे नको असलेल्या ओळीही डेटाबेसमधून ओढून आणायचं. २०१९ च्या ३.० पासून अशा वेळी सरळ एक्सेप्शन (एरर) येतं. चूक ग्राहकाकडे पोचण्याआधी आमच्याच मशीनवर दिसते, यापेक्षा अजून काय हवं?

एक्सेलमधून मोठा माल-मास्टर भरायचा असेल तर हायबरनेटमध्ये आयडी कसा तयार होतो ते आधी पाहा. आयडेंटिटी कॉलम (ओळ भरताना डेटाबेस स्वतः आयडी देतो) असेल तर इन्सर्टचं बॅचिंग, म्हणजे अनेक ओळी एकत्र पाठवणं, बंद पडतं. सीक्वेन्स (आयडी आधीच देणारा वेगळा काउंटर) ठेवला की चालतं. ज्या डेटाबेसमध्ये सीक्वेन्स आहे तिथे आम्ही तोच वापरतो.

रिपोर्टसाठी मात्र आम्ही ओआरएमचा हट्ट धरत नाही. महिनावार थकबाकीची क्वेरी एसक्यूएलमध्येच वाचायला सोपी जाते. डॉटनेटमध्ये त्यासाठी हाताने लिहिलेलं एसक्यूएल चालवणारं डॅपर आहे, आणि एसक्यूएलअल्केमीत ओआरएमच्या खालचा, एसक्यूएलच्या जवळचा 'कोअर' हा थर हाताशी असतो. रिपोर्ट जास्त असलेल्या पायथनच्या कामाला आम्ही एसक्यूएलअल्केमी घेतो, ते यासाठीच. ॲडमिन पॅनल लवकर हवं असेल तर जँगो.

अलीकडे क्वेरींची संख्या टेस्टमध्येच बांधून टाकली आहे. जँगोत क्वेरी मोजून पडताळणारं असर्टनमक्वेरीज आहे, हायबरनेटचे आकडे त्याच्या स्टॅटिस्टिक्समधून मिळतात. बिलांच्या यादीला ठरल्यापेक्षा एक जरी क्वेरी जास्त गेली, तरी टेस्ट नापास होऊन बिल्ड लाल होतो आणि कोड पुढे जात नाही.